ऐनवेळचे विषय

आईच्या हातची इतिवृत्ताची तीन पुस्तकं माझ्याकडे आहेत. लाल कापडी पाठ, आत लांबुळके रेघी कागद, आणि टाक शाईत बुडवून काढलेलं तिचं जरासं उजवीकडे झुकणारं अक्षर. कराडला आमच्या पेठेत जे महिला मंडळ होतं, त्याची ती एकोणीस वर्षं सचिव होती. पहिलं पुस्तक १९५६ सालचं. प्रत्येक सभेची मांडणी ठरलेली: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले, महिन्याचा जमाखर्च मंजूर करण्यात आला, मग शिवणवर्ग, बालवाडी, संक्रांतीचे हळदीकुंकू, आणि सगळ्यात शेवटी 'ऐनवेळचे विषय, अध्यक्षांच्या परवानगीने'.

लहानपणी मी सभेत आईच्या मागे बसून चिंचोके खेळायचे. शेवटच्या विषयाची वेळ झाली की बायका पदर सावरून उठायच्या तयारीत असत, कारण चार वाजत आलेले असत आणि घरोघरी चहाची वेळ होत असे. मंडळाची वेळ दोन ते चार. जेवणं उरकून, भांडी घासायला टाकून, सासूबाईंचा डोळा लागला की निघायचं आणि त्या जाग्या व्हायच्या आत परत यायचं. या देशातल्या बायकांनी जी काही समाजसेवा केली, ती बहुतेक या दोन तासांत बसवून केलेली आहे. हे मला पुस्तकं वाचून कळलं नाही. तेव्हा आईचे डोळे सारखे भिंतीवरच्या घड्याळाकडे जायचे, त्यावरून कळलं.

पहिल्या पुस्तकाच्या मागच्या पानावर मंडळाच्या मालमत्तेची यादी आहे. शिवणयंत्र एक. स्टोव्ह दोन. तराजू व वजने. पितळी वाट्या पंचवीस. पितळी घंटा एक. जाजम एक, बारा हात. ही जाजम मला चांगली आठवते. निळ्या आणि विटकरी पट्ट्यांची, एका कोपऱ्याला स्टोव्हनं जळल्याचं भोक. या लेखाचं मूळ त्या जाजमेत आहे, म्हणून ती आधी सांगून ठेवते.

आमच्या मंडळाची सुरुवात कुणी केली असं विचारलं तर कुणीही नर्सबाईंचं नाव घेई. त्यांना दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही. बालविधवा. दिरांनी पुण्याला सेवासदनात पाठवलं, तिथून ससूनमध्ये त्या शुश्रूषा शिकल्या, आणि कराडला येऊन त्यांनी चाळीसेक वर्षं गावाची बाळंतपणं केली. पांढरं नऊवारी लुगडं, पायात चामड्याच्या वहाणा, खांद्याला कापडी पिशवी. मंडळाच्या सभासदांच्या यादीत सगळ्यांच्या नावामागे 'सौ.' आणि नवऱ्याचं नाव आहे. 'श्रीमती' एकट्या त्याच. त्या होत्या म्हणून मी पुढे या सगळ्याचा माग काढत मागे गेले. त्यांना जिनं घडवलं ती संस्था कुठून आली, आणि त्या संस्थेच्या आधी काय होतं, हे शोधत गेले.

मागे जाता जाता हाती लागली ती १८५२ सालची एक संक्रांत.

त्या जानेवारीत पुण्यात सावित्रीबाई फुल्यांनी तिळगुळाचा समारंभ ठरवला. त्यांचं वय तेव्हा एकवीस. त्यांच्या महिला सेवा मंडळाचा हा कार्यक्रम, आणि अध्यक्षस्थानी पुण्याच्या कलेक्टरांच्या पत्नी मिसेस जोन्स. निमंत्रणातच स्पष्ट केलेलं होतं की कोणत्याही जातीच्या बायका आल्या तरी त्यांना एकाच जाजमावर बसवलं जाईल आणि हळदीकुंकू लावताना, तिळगूळ देताना भेद केला जाणार नाही.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. समाजसुधारणेच्या इतिहासात जाहीरनामे असतात, सभा असतात, कायदे असतात. इथे एक बाई जाजम घालते आणि बोलावणं धाडताना बसण्याची व्यवस्था काय असेल ते आधीच सांगून टाकते. ज्यांना ते चालणार नव्हतं त्यांना घरी राहायची मोकळीक होती, पण येऊन वेगळं बसायची नव्हती. समारंभही कुठला निवडला? बायकांना घराबाहेर पडायला ज्याला कुणाची हरकत नसते तो. हळदीकुंकवाला जाते म्हणून सांगितलं की सासू अडवत नाही. पुढची शंभर वर्षं महाराष्ट्रातल्या प्रत्येक महिला मंडळानं हीच वाट वापरली. आमच्या मंडळाचाही वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम संक्रांतीचाच. सेवेसाठी लागणारा पैसा आणि नवे सभासद दोन्ही त्याच दिवशी मिळत.

कलेक्टरांच्या पत्नीची गोष्टही मला ओळखीची वाटली. तालुक्याच्या गावी मंडळाच्या अध्यक्षा बहुधा मामलेदारीणबाई असत, नाहीतर मोठ्या डॉक्टरांच्या पत्नी. साहेबांची बदली झाली की अध्यक्षाही बदलत. आमच्या पुस्तकात एका पावसाळ्यात तीन अध्यक्षांच्या सह्या आहेत. त्यात नुसता मान नव्हता, आडोसा होता. मामलेदारीणबाई अध्यक्षा असलेल्या सभेला सून गेली तर घरातलं कुणी तोंड उघडून काही बोलू शकत नसे.

सावित्रीबाईंच्या त्या संक्रांतीनंतर तीस वर्षांनी, १८८२ मध्ये, पंडिता रमाबाई पुण्यात आल्या. नवरा नुकताच गेलेला, कडेवर लहान मुलगी, आणि संस्कृत असं की शास्त्र्यांनी ऐकत राहावं. त्यांनी आर्य महिला समाज काढला. बायकांनी ठरलेल्या दिवशी जमायचं, वाचायचं, बोलायचं. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत या दिवसांबद्दल लिहिलं आहे. न्यायमूर्ती रानड्यांची बायको असूनही घरातल्या वडीलधाऱ्या बायका त्यांना काय काय ऐकवत, त्यांच्याशी कशा अबोला धरत, हे वाचताना अजून जिवाला लागतं. नवरा शिकवू पाहतो आणि घरातल्या बायका छळतात, मधल्या मध्ये एक विशीतली मुलगी दोन्हीकडची बोलणी गिळते. सभेला जाणं म्हणजे परत आल्यावर काय होणार हे ठाऊक असताना जाणं.

रानड्यांची नेमणूक मुंबईच्या हायकोर्टात झाली तेव्हा तिथेही रमाबाईंनी बायकांचा क्लब चालवला. भाषा, शिवण, हातकाम यांचे वर्ग घेतले. १९०१ च्या जानेवारीत न्यायमूर्ती गेले. त्यानंतर काही काळ त्या पुण्याच्या घरात जवळजवळ कोंडून घेतल्यासारख्या राहिल्या. मग बाहेर पडल्या त्या पुन्हा आत गेल्याच नाहीत. तुरुंगातल्या स्त्री कैद्यांना भेटायला जायच्या. इस्पितळातल्या रोग्यांना फळं, फुलं, पुस्तकं घेऊन जायच्या. १९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन काढलं त्याच्या अध्यक्षा रमाबाई झाल्या, आणि १९०९ मध्ये गोपाळ कृष्ण देवधरांच्या साथीनं पुण्याचं सेवासदन त्यांनी रानड्यांच्याच वाड्यात सुरू केलं.

इथे इतिहासाला एक वळण आहे, आणि त्याकडे पुरेसं लक्ष दिलं जात नाही असं मला वाटतं. तोवर बायकांच्या सभा स्वतःसाठी होत्या. वाचायला शिकायचं, बोलायला धजायचं. सेवासदनानं त्यांना दुसऱ्यासाठी बाहेर काढलं. आळंदीला आषाढी-कार्तिकीच्या जत्रेत सेवासदनच्या बायका स्वयंसेविका म्हणून जात. वारकरी बायकांची सोय बघणं, गर्दीत चुकलेल्यांना हात देणं, दुखलंखुपलं पाहणं. भल्या घरच्या बायकांनी जत्रेच्या गर्दीत अनोळखी माणसांची कामं करायची, हे त्या काळात केवढं मोठं होतं याची कल्पना आज येणार नाही.

त्याहून कठीण होतं शुश्रूषेचं. रोग्याचं अंग पुसायचं, परक्या पुरुषाला हात लावायचा, सगळ्या जातींची भांडी उचलायची. नर्सिंग म्हणजे हलकं काम, आणि ते करणारी बाई हलकी, असं शहाणीसुरती माणसंसुद्धा मानत. सेवासदनानं या कामाला विधवा पाठवल्या. त्यामागची व्यवहारी अक्कल मला नर्सबाईंच्या आयुष्यावरून कळते. ज्या बाईचं घरात काही उरलेलं नव्हतं, जिचं तोंड सकाळी पाहू नये असं म्हणत, तिलाच बाहेर पडायला मोकळीक होती. समाजानं जिला बाजूला टाकलं तिच्याच हातांवर समाजाची आजारपणं आली. सेवासदनच्या एका कार्यक्रमात अशाच एका तरुण विधवेला प्रेक्षकांतले विद्यार्थी हसले, तेव्हा रमाबाईंनी त्यांना उभं राहून खडसावलं अशी हकीकत आहे. तुमच्या घरातही अशाच बहिणी, आत्या, आया असतील, असं त्यांच्या बोलण्याचं सार होतं.

नर्सबाई रमाबाईंबद्दल फारसं बोलत नसत. त्या पुण्याला गेल्या तेव्हा रमाबाई जाऊन काही वर्षं झाली होती. १९२४ ला रमाबाई वारल्या. पण १९६२ मध्ये जन्मशताब्दीला टपालखात्यानं रमाबाईंचं तिकीट काढलं तेव्हा नर्सबाईंनी पोस्टातून चार तिकिटं आणली. एक आमच्या इतिवृत्ताच्या पुस्तकाच्या आतल्या बाजूला चिकटवलेलं आहे. डिंकाचा पिवळा डाग पडलाय भोवती.

आता कराडकडे येते.

स्वातंत्र्यानंतर महिला मंडळांना एकदम सरकारी कागदाचं बळ आलं. १९५२ मध्ये समूह विकास योजना सुरू झाली, ग्रामसेविका आल्या. १९५३ मध्ये दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झालं आणि स्वयंसेवी संस्थांना अनुदानं मिळू लागली. अनुदान हवं तर नोंदणी हवी, घटना हवी, तपासलेला जमाखर्च हवा. गावोगावच्या भजनी मंडळांनी, हळदीकुंकवाच्या कोंडाळ्यांनी आपली नावं नोंदवली. आईसारख्या, मॅट्रिक होऊन चुलीपुढे बसलेल्या कितीतरी बायकांना यातून एक काम मिळालं: लिहिण्याचं काम. ठराव, सूचक, अनुमोदक, आवक-जावक. आईला हे शब्द फार आवडायचे. मंडळाच्या कामाला बसली की ती वेगळीच दिसायची, ताठ.

शिवणवर्ग दुपारी, बालवाडी सकाळी. बालवाडीचं वारं तेव्हा सगळीकडे होतं. ताराबाई मोडकांनी बोर्डीला आदिवासी मुलांसाठी बालवाडी नेली होती, मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची म्हणून. पुढे सरकारी योजनेनं अंगणवाडी हा शब्द उचलला तो तिथूनच आला. आमच्या मंडळाच्या बालवाडीत ओढ्यापलीकडच्या वस्तीतली सात-आठ मुलं येत. नर्सबाईंचा तसा आग्रहच होता. त्या मुलांची बाळंतपणं त्यांनीच केलेली. मुलं त्या बारा हाती जाजमेवर ओळीनं बसून चुरमुरे खात. सगळी. कुणी वेगळं नाही.

आणि दुपारी त्याच जाजमेवर सभासद बायका बसत. त्यांत ओढ्यापलीकडची एकही नव्हती.

मला हे लहानपणी कधी दिसलंच नाही. ब्राह्मण, मराठा, सोनार, शिंपी, दोन जैन घरं, एक गुजराती भाभी. आम्हाला वाटे, सगळ्या जातींच्या आहेत की.

ऐनवेळच्या विषयांत पहिला मोठा विषय आला तो १९६२ च्या हिवाळ्यात. चीनशी युद्ध लागलं. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. आमच्या कराडचे यशवंतराव. गावाला त्या दिवसांत वाटत होतं की लढाई आपल्याच घरात आली आहे. आईच्या अक्षरात नोंद आहे: जवानांसाठी लोकरी स्वेटर व कानटोप्या विणणे. लोकर मंडळामार्फत. कराडात लोकर विणणं किती जणींना येत होतं? आमच्याकडे थंडीला घोंगडी असत, स्वेटर कुठला. एका पोलीस अधिकाऱ्याच्या बायकोनं, त्या आधी उत्तरेकडे राहून आलेल्या, सगळ्यांना शिकवलं. दोन सुलट दोन उलट. आई रात्री कंदिलाजवळ बसून विणायची आणि चुकलं की पुन्हा उसवायची. बाबा म्हणत, अगं, थोडं वाकडं असलं तरी थंडी थांबवेलच की. ती ऐकायची नाही. कुणाच्या अंगावर जाणार आहे ठाऊक नसलेला तो स्वेटर तिनं माझ्या कपड्यांपेक्षा जास्त जपून केला. बत्तीस स्वेटर आणि साठ कानटोप्या असा हिशेब पुस्तकात आहे. खाली दिलेल्या लोकरीचं वजन आणि उरलेल्या लोकरीचं वजन, तोळ्यांपर्यंत.

दुसरा विषय आला ११ डिसेंबर १९६७ ला. सोमवार. पहाटे चार वाजून गेले होते. मी बारा वर्षांची. मला जाग आली ती फळीवरची भांडी एकामागून एक खाली पडत होती म्हणून. आईनं आम्हा भावंडांना ओढत अंगणात आणलं. सगळी पेठ रस्त्यावर, अंगावर पांघरुणं गुंडाळून, आणि कुणी बोलत नव्हतं. उजाडल्यावर कळलं की कोयनानगरला घरं भुईसपाट झाली आहेत. जवळजवळ दोनशे माणसं त्या भूकंपात गेली, हजारांवर जखमी झाली, आणि घरं पडलेल्यांची तर गणतीच नव्हती. पाटणच्या बाजूनं येणाऱ्या गाड्यांतून जखमी माणसं कराडात उतरू लागली.

दोन ते चार हे वेळापत्रक त्या दिवशी मोडलं. नर्सबाई पहाटेच इस्पितळात गेल्या होत्या. आईनं सात वाजता घंटा वाजवत पेठेतून फेरी काढली. पितळी घंटा, यादीतली. घरटी दहा भाकऱ्या आणि चटणी. चुली पेटवायला लोक घाबरत होते कारण धक्के चालूच होते, तरी पेटवल्या. अकरापर्यंत मंडळाच्या खोलीत जाजमेवर धुतलेलं धोतर अंथरून भाकऱ्यांची रास लागली. मी मोजायला बसले होते. पाचपाचाच्या चवडी.

साडेअकराच्या सुमारास ओढ्यापलीकडच्या वस्तीतल्या चार बायका आल्या. डोक्यावर टोपल्या, वर फडकं. दारात उभ्या राहिल्या. त्यातल्या पुढच्या बाईनं विचारलं, "वैनी, आमच्या भाकऱ्या चालतील का?"

खोलीत एकदम शांतता झाली. ती शांतता मी अजून विसरलेले नाही. दहा-बारा बायका तिथे होत्या, आणि एकीच्याही तोंडून शब्द निघाला नाही. माझ्या आईच्याही नाही. तेवढ्यात नर्सबाई बँडेजचं कापड न्यायला परतल्या. लुगड्याला रक्त लागलेलं. त्यांनी दारातली टोपली उचलली, आत आणली आणि राशीवर उलटी केली. मग दुसरी. मग मला म्हणाल्या, "मोज." मी मोजल्या. कुठल्या कुणाच्या ते मोजता मोजता मिसळून गेलं. ज्वारीच्या भाकऱ्या सगळ्या सारख्याच दिसतात. एक हजार एकशे चाळीस भाकऱ्या दुपारच्या ट्रकनं पाटणला गेल्या. त्या चारही बायका मात्र दारातूनच परत गेल्या.

पुढच्या सभेच्या इतिवृत्तात ऐनवेळच्या विषयांत दोन नोंदी आहेत. एक: भूकंपनिधीतून उरलेल्या रकमेत रुग्णोपयोगी साहित्य घेऊन ते गरजूंना वापरण्यास देणे. सूचक, नर्सबाई. मंजूर. दोन: वस्तीतील भगिनींना सभासद करून घेणे. सूचक, नर्सबाई. 'चर्चा झाली. विषय तहकूब.'

अनुमोदकाची जागा मोकळी आहे.

हा विषय सहा वर्षं तहकूब राहिला. मी पुस्तकात शोधलं. तो पुन्हा कधी आलाच नाही. पुढे शिकायला पुण्याला गेले, वाचायला लागले, तेव्हा कळलं की १९४२ च्या जुलैत नागपूरला दलित स्त्रियांची मोठी परिषद झाली होती, अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षा होत्या, आणि डॉ. आंबेडकर स्वतः उपस्थित होते. तिथले ठराव घटस्फोटाच्या हक्काबद्दल होते, कामकरी स्त्रियांच्या रजेबद्दल होते. आमच्या मंडळात त्यानंतर पंचवीस वर्षांनी बाईनं दारात उभं राहून भाकरी चालेल का विचारायची वेळ येत होती, आणि तिकडे त्याच समाजातल्या बायका १९४२ मध्ये कायदे मागत होत्या. मदत करणारी मंडळं आणि मदत घेणारी वस्ती, असं चित्र मनाशी धरून मी वाढले होते. ते खोटं होतं. ज्यांना आम्ही बाहेर ठेवलं त्या आमच्या पुष्कळ पुढे होत्या.

मी आईला हे विचारलं, ती म्हातारी झाल्यावर. त्या दिवशी अनुमोदन का दिलं नाहीस? तिनं बराच वेळ उत्तर दिलं नाही. मग म्हणाली, "मी लिहीत होते. लिहिणाऱ्यानं बोलायचं नसतं, असं मी मनाला सांगितलं." आणि थोड्या वेळानं, "तशी मी नेहमी काही ना काही सांगत आले मनाला."

रुग्णसाहित्याचा पहिला ठराव मात्र अमलात आला, आणि मला वाटतं मंडळाचं सगळ्यात मोठं काम तेच. बेडपॅन चार, हवेची रबरी उशी दोन, गरम पाण्याच्या पिशव्या, बर्फाची पिशवी, कुबड्यांच्या तीन जोड्या, पुढे सलाइनचा स्टँड. या वस्तू घराघरांत वर्षातून एकदा लागतात, विकत घेणं परवडत नाही, आणि लागतात तेव्हा रात्रीच्या लागतात. त्या आमच्या माजघरात कपाटात असत. अनामत दोन रुपये. यासाठी आईनं वेगळी वही केली. नाव, वस्ती, वस्तू, नेल्याची तारीख, परत केल्याची तारीख, अनामत परत.

त्या वहीत सगळं कराड आहे. वकिलांची आई मोडक्या खुब्यानं पडून होती ती आहे. स्टँडवरचा हमाल आहे, ज्याचा पाय ट्रकखाली आला होता. दर्ग्याजवळच्या घरांमधलं एक बाळंतपण आहे. आणि ओढ्यापलीकडची वस्ती आहे, पहिल्या वर्षापासून. माणूस ज्या वस्तूवर आजारपणात निजतो, ती वस्तू गावातल्या सगळ्या घरांतून फिरत होती. कुणी विचारलं नाही की आधी कुणाकडे होती. लिंबाच्या पाल्याच्या पाण्यात धुऊन परत आली की पुढच्या घरी जायची. जाजमेवर ज्यांना जागा नव्हती त्यांच्या घरी मंडळ या वहीतून जात होतं.

१९७२ चा दुष्काळ सगळ्यांनाच आठवतो. परदेशी मिलो ज्वारी, लालसर, भाकरी थापली की तुटायची. रोजगार हमीच्या आधीची ती दुष्काळी कामं, खडी फोडायला बसलेल्या बायका, आणि त्यांच्या पोरांसाठी सुकडी. मंडळाकडे सुकडी वाटण्याचं काम आलं आणि दोन ते चार हा आकडा कायमचाच गेला. आई दिवस दिवस बाहेर असायची. त्याच वर्षांत मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यामागे हजारो बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर आल्या. वर्तमानपत्रातला फोटो आईनं कापून ठेवला होता. आमच्या मंडळात त्यावर मोठा वाद झाला. मोर्चा हे आपलं काम नाही, सेवा हे आपलं काम, असं बहुमत पडलं. त्या सभेत आईनं सचिव असूनही मत मांडलं, असं तिच्याच अक्षरात लिहिलेलं आहे. काय मांडलं ते लिहिलेलं नाही.

नर्सबाई १९७३ च्या पावसाळ्यात गेल्या. शेवटचे दोन महिने त्यांच्या खाली जी हवेची उशी होती ती मंडळाच्याच कपाटातली. वहीत त्यांचं नाव आहे, अनामत दोन रुपये भरल्याची नोंद आहे. आई नको म्हणाली होती, त्यांनी ऐकलं नाही.

आणि आता १९७४ ची नोंद, जिच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

फेब्रुवारी महिना. मी सुटीला घरी होते. ओढ्यापलीकडच्या वस्तीतली एक बाई बेडपॅन परत करायला आली. तिशीतली. भूकंपाच्या दिवशी टोपली घेऊन आलेल्यांपैकी एकीची सून. सातवी शिकलेली. सासूचं आजारपण काढलं होतं तिनं, तीन महिने. आईनं वही काढली, परत केल्याची तारीख लिहिली, सही करायला वही पुढे केली. तिनं सही केली आणि वही लगेच परत दिली नाही. मागची पानं चाळत राहिली. नावं वाचत होती.

"वैनी, मंडळात यायला काय लागतं?" तिनं विचारलं.

आईनं चष्मा काढला. "एक रुपया वर्गणी," ती म्हणाली. "आणि सही."

"मग त्या दोन रुपयांतला एक ठेवा."

आईनं एक रुपया तिच्या हातावर ठेवला, पावतीपुस्तक काढलं, पावती फाडली. दुसऱ्या वहीत, सभासदांच्या, नाव लिहिलं. 'सौ.' लिहून पुढे नवऱ्याचं नाव विचारलं तर ती म्हणाली, माझंच लिहा. आईनं तिचंच लिहिलं. आत ये, बस, म्हणाली. मी चहा केला.

सभासद क्रमांक एकशे सतरा. रुग्णसाहित्याच्या वहीत त्याच तारखेला नोंद आहे: बेडपॅन एक, परत, स्वच्छ. अनामत परत रुपया एक. आणि त्या महिन्याच्या सभेचं इतिवृत्त आईच्या नेहमीच्या अक्षरात आहे. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले. महिन्याचा जमाखर्च मंजूर. नवीन सभासद तीन, नावे वाचून दाखवण्यात आली. उपस्थिती एकोणतीस, आणि उपस्थितांच्या सह्यांत एकविसावी सही तिची आहे, सातवी शिकलेल्या मुलीचं गोल, सुटं अक्षर.

ऐनवेळचे विषय: नाहीत.